दाजीबा मास्तरांचं भेव

ट्रंपेट ओठांना लावण्याआधी दाजीबा मास्तर जिभेने पुढचे दात चाचपत आणि समोर असेल त्याला सांगत, "मले भेव लागून राहिलं." लग्न असो की रेल्वेच्या साहेबांचा नाच, हे ठरलेलं. एवढा धिप्पाड माणूस, कामठीच्या पलटणीत बिगुल वाजवलेला, पुढे कलकत्त्याच्या हॉटेलांत अर्धं आयुष्य जॅझ वाजवून आमगावला परतलेला; पण पाल दिसली की ओसरीवरून थेट अंगणात उडी. गल्लीत त्यांची भरपूर थट्टा व्हायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "भेव नसन त फुंक कायले मारू? झोपीनच ना," म्हणायचे.

माझं लग्न ठरलं ते आमच्याकडच्या, अर्जुनीजवळच्या प्रतापगडाच्या बाजूला. वाट जंगलाची, आणि त्या साली तिथे वाघाने एक गुराखी नेला होता. जंगलातून वरात न्यायची तर वाजंत्री थांबू द्यायची नाही, ही तिकडची रीत. म्हणून वडिलांनी मास्तरांचा बँड सोबत दिला, पण बजावलं, "दाजीबा, पोरीच्या लग्नात ते कलकत्त्याचं आडवंतिडवं वाजवू नोको. गाणं सुरू झालं का सरलं पाहिजे." मास्तरांचा पुढचा एक दात तेव्हा हलत होता. तो पडला की वाजवणं संपलं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

लग्न लागल्यावर सासरी जायला अर्जुनीहून बैलगाड्या निघाल्या. ऊन उतरताना आम्ही ऐन जंगलात होतो. एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू होण्यापूर्वीच्या तेवढ्या शांततेत बैल अडले. नाकपुड्या फुलवून गाडी मागे रेटू लागले. उजवीकडच्या बांबूत काहीतरी आमच्या बरोबरीने चालत होतं. आम्ही थांबलो तसं तेही थांबलं. उग्र वास आला. मी नवऱ्याचा हात धरला, तर तो घामाने ओला. ढोलवाला गाडीखाली शिरला, बाकीचे वाजंत्री गाड्यांत चढले.

मास्तर आमच्या गाडीशेजारी होते. "बाई, मले भेव लागून राहिलं," म्हणाले आणि त्यांनी ट्रंपेट उचलला.

वाजवलं ते कलकत्त्याचंच. त्याला शेवट नव्हता. एक तान संपतेय असं वाटेपर्यंत तिच्यातूनच दुसरी निघायची, मध्ये कुठे फट म्हणून नाही. बैल हलले. बांबूतली सळसळ मागे पडली, पुन्हा जवळ आली, पुन्हा मागे पडली. तिकडे बघायची छाती नव्हती, म्हणून मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे मिटलेले, हनुवटीवरून रक्त ओघळतंय. गावची कुत्री भुंकताना ऐकू आली तेव्हा कुठे ते थांबले, आणि त्यांनी दात तळहातावर थुंकला.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. मास्तर ओसरीवर बसले होते. त्यांच्या पायाजवळून पाल सरपटत गेली, तरी ते जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, "मास्तर, पाल गेली ना तुमच्या पायाजवळून."

"जाऊ दे बाई. दात पडल्यापासून भेवच लागत नाई मले," ते म्हणाले आणि रडू लागले.