कमलबाईंची बोटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, नीट कळत नाही — पण सांगतो.

वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी पारनेरला दर रविवारी ब्रेल शिकवत असे. मला दिसतं. म्हणजे मी ब्रेल डोळ्यांनी वाचतो — खिडकीतून तिरका उजेड आला की प्रत्येक टिंबाची सावली दिसते. बोटांनी मला एक ओळही येत नव्हती. वर्गात हे कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही.

कमलबाई पन्नाशीच्या. डोळे शुगरने गेलेले. त्यांना एवढंच हवं होतं — गोळ्यांच्या डब्यांवर ब्रेलच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि सुनेला न विचारता आपली गोळी आपण घ्यायची. वर्गात त्यांच्या शेजारी बसणारी सोळा वर्षांची रेश्मा भराभर वाचायची. कमलबाईंच्या बोटांना दोन महिन्यांत चार अक्षरं लागेनात. "मावशी, भाकरी थापून थापून तुमच्या बोटांचीच भाकरी झाली," रेश्मा म्हणायची. त्याही हसायच्या.

मी मात्र गंभीरपणे सांगितलं, की शुगरने बोटंही बधिर होतात. होतात, हे खरं आहे. त्यांची झाली होती का — मी तपासलं होतं?

एका रविवारी वर्ग सुटल्यावर, का कोण जाणे, मी त्यांचं पुस्तक घेतलं, डोळे मिटले, बोट फिरवलं. काही लागेना. मग रेश्माचं घेतलं — टिंबं टोचली. तिचं नवं होतं. कमलबाईंचं कित्येकांच्या हाताखालून गेलेलं, सपाट झालेलं. मला त्यात सावली दिसत होती. त्यांना काय लागणार होतं?

पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "सर, खरं सांगा. माजी बोटं मेलीत का?"

दोन्ही पुस्तकं टेबलावर होती. अदलाबदल करायची — एवढंच. पण रेश्मा ऐकत होती. आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने काढलेला माणूस.

"हो, कमलबाई," मी म्हणालो.

त्या पुन्हा आल्या नाहीत.

पुढे बाजारात त्यांची सून भेटली. सहज सांगत होती, की डोळे गेल्यावरही सासूबाई तांदळातले खडे चाचपून काढायच्या, आता सुपाला हातच लावत नाहीत. "बोटं मेल्यात म्हनत्यात," ती म्हणाली.

गोळ्या कोण देतं, वेळेवर देतं का — मी विचारलं नाही. मान हलवली, मेथीची जुडी घेतली आणि घरी आलो.