तळ्याच्या जाळीची क्लिप

सिंगापूरला, हौगांगच्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, खाली एक तळं आहे. त्यात केशरी-पांढरे कोई मासे. रोज पोळ्या लाटताना मी थोडी कणीक बाजूला काढायची, तिच्या बोराएवढ्या गोळ्या करून सकाळी खाली न्यायची. माहेरी नदीवर आई हेच करायची, म्हणून मीही. दुसरं काय काम असतं हो मला इथे? मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत.

मग पाणमांजरं आली. कालव्यातून आठ-नऊ जणांचं अख्खं कुटुंब आलं. एका सकाळी निम्मे मासे खाऊन, डोकी काठावर टाकून गेली. मी तणतणत होते, तर नात म्हणते, "आजी, दे आर प्रोटेक्टेड, कॅनॉट टच लाह!" मारायचं नाही, पकडायचं नाही, हुसकवायचं तरी कसं? कॉन्डोच्या कमिटीने तळ्यावर जाळी बसवली. माझा मुलगाच कमिटीचा सेक्रेटरी. रोज संध्याकाळी गार्डने सगळ्या क्लिपा तपासून वहीत सही करायची, असं ठरलं.

गार्ड तमिळ, साठीचा. मी त्याला अण्णा म्हणायची, तो मला आंटी. कणीक घालायला मी कोपऱ्याची एक क्लिप काढायची. परत लावताना बोटं अशी दुखायची की डोळ्यांत पाणी यायचं. मग लावायचंच सोडलं. जाळीची कड कुंडीखाली दाबून ठेवली. कुणाला दिसतंय!

पाणमांजरांना दिसलं. पुढच्या खेपेला ती बरोबर त्याच कोपऱ्यातून आत शिरली. तीन मासे वाचले.

कमिटीने वही उघडली. सगळ्या क्लिपा लावल्याची अण्णाची सही, आणि एक तर उघडी. खोटी सही केली म्हणाले. कॅमेरा गेटकडे वळलेला, त्यात काहीच नाही.

रात्री जेवताना मी मुलाला म्हटलं, "अरे, ती क्लिप मी काढली होती."

त्याचा घास हातातच राहिला. "आई, त्याला काढा म्हणून आज दुपारी एजन्सीला पत्र गेलं. माझ्या सहीने."

"मग दुसरं पाठव. लिही की आईची चूक."

"सेक्रेटरीच्या आईने जाळी उघडली असं लिहू? एजन्सी त्याला दुसरीकडे लावेल गं. तू यात पडू नकोस."

सुनेने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी वाढून घेतली. हो, जेवले मी पोटभर. उद्या कमिटीपुढे स्वतः जाऊन सांगू, असं मनाशी म्हटलं. तो उद्या काही आला नाही. इंग्रजीत कसं बोलायचं हे निमित्त होतं, खरं म्हणजे मुलाची मान खाली जाईल याची भीती.

महिनाअखेरीस अण्णा डबा पिशवीत घालून निघाला होता. मी लिफ्टमधून बाहेर पडले, हातात कणकेची वाटी. त्याने वाटीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या कुंडीकडे.

"आंटी," तो हळूच म्हणाला, "न्यू गार्ड कमिंग. यू डोन्ट ओपन, ओके? ही विल राइट युवर नेम."

म्हणजे याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी नुसती मान हलवली. साधं सॉरीसुद्धा तोंडातून निघालं नाही.