चौऱ्याण्णववर अडकलेले साडूभाऊ

जगात आत्मविश्वास नावाची जी काही वस्तू आहे, तिचा निम्म्याहून जास्त साठा आमच्या साडूभाऊंच्या पोटात आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्यानं ते पोट एकदा पाहिलंय तो माझ्याशी वाद घालायचा नाही. साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. ना रक्ताचं, ना निवडीचं. दोघी बहिणींनी आपापला संसार मांडला आणि त्यात आम्ही दोघं एकमेकांच्या वाट्याला आलो. मी धाराशिवला एका कचेरीत कारकुनी करतो आणि अंगानं काडी पैलवान आहे. साडूभाऊ जवळच्याच बेंबळी गावचे. उमेदीची सगळी वर्षं वायरमन म्हणून विजेच्या खांबावर काढली आणि पुढं बढती मिळून ते सबस्टेशनातल्या खुर्चीवर बसले. ते चढायचे थांबले तसं वजन चढायला लागलं. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, दरवर्षी विजारी उसवून देत राहिल्या, आणि एके वर्षी उसवायला शिवणच उरली नाही.

पण गावात त्यांची खरी ओळख वायरमन ही नव्हे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत बुद्धविहारापासून जे लेझीम पथक निघतं, त्याचे म्होरके साडूभाऊ. मिसरूड फुटल्यापासून ते पुढं. एवढा देह, पण हलगी कडाडली की त्यात कुठून वारं शिरायचं कळत नसे. खाली वाकून, गिरकी घेऊन, उडी मारून ते उभे राहिले की मागची चाळीस-पन्नास पोरं एका दमात तेच करायची. आणि दोन वर्षांमागं त्या ऐन मिरवणुकीत ते एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. तोंड काळवंडलं, हलगी थांबली. धाराशिवच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, की काळीज अजून चांगलं आहे पण त्याच्यावर बोजा फार झालाय. रक्तदाब आहे, गुडघे झिजलेत. नव्वद किलोच्या खाली आल्याशिवाय लेझीम हातात धरायची नाही. त्यानंतरच्या जयंतीला साडूभाऊ कडेला उभं राहून टाळ्या वाजवत होते. घरी येऊन जेवले नाहीत. हे आक्कांनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडलीच, कारण लग्नाचं असो की मयताचं असो, दाजी ताटावरून उपाशी उठले असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

साधी माणसं निश्चय मनात करतात. साडूभाऊंनी तो दिवाळी झाल्यावर बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, भज्यांच्या घाण्यासमोर उभं राहून केला. "येत्या जयंतीला म्होरं म्याच असणार. ऐकून ठिवा सगळ्यांनी." हे असं गावाला साक्षी ठेवायचं कारण मी विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, एकट्याचा निश्चय म्हंजे आकडा टाकून घेतलेली लाईट. कवाबी जाती. गाव जोडून घेतलं की मीटर बसतंय." त्यांचं सगळं बोलणं असं विजेच्या तारेवरून येतं. भूक लागली की 'फेज गेला', रागावले की 'ट्रिप झालो', आणि माझ्या अशक्त अंगकाठीला ते पहिल्यापासून 'झिरोचा बल्ब' म्हणतात. भात सुटला, साखरेचा डबा कपाटात गेला, रविवारचं मटण दोन फोडी आणि पातळ रश्श्यावर आलं. सकाळी शेताच्या रस्त्यानं चालणं, संध्याकाळी गावातून चालणं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्या भागात अख्खं गाव शेतात जेवायला असतं. भज्जी, आंबिल, उंडे, आणि प्रत्येक शेतातून हाका. साडूभाऊंना तर दहा शेतांची आमंत्रणं. ते एकाच शेतात गेले, एकच भाकरी खाल्ली आणि हात धुतला. शेतमालक इतका घाबरला की त्यानं आक्कांना बाजूला घेऊन विचारलं, "अण्णांना काय दुखणं लागलं न्हवं ना?" गाव साडूभाऊंना अण्णा म्हणतं.

असं करत करत शंभराच्या पलीकडचा काटा चौऱ्याण्णववर आला आणि तिथं जो बसला तो उठेचना. संक्रांत गेली, हुरड्याचे दिवस गेले, काटा चौऱ्याण्णव. दुसरा माणूस खचला असता. साडूभाऊंनी वजनकाट्यावरच संशय घेतला. वायरमनच्या जातीला मीटरवर विश्वास कधीच नसतो. आधी त्यांनी घरचा काटा उघडून पाहिला, तो नंतर कुणालाच परत जोडता आला नाही. मग आरोग्य केंद्रातला काटा, तिथं चौऱ्याण्णव. रेशन दुकानातला, चौऱ्याण्णव. शेवटी सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडं जाऊन पोत्यांच्या काट्यावर हमालांच्या साक्षीनं उभे राहिले. तिथंही तेच. तेव्हा मात्र ते भडकले. "आरं, गावातले दोन काटे सोयाबीनला कधी जुळलं न्हाईत, आन माझ्या एकट्यासाठी सगळे एक व्हायलेत व्हय?" हमालांनी हसून हसून पोती खाली ठेवली. व्यापारी तेवढा हसला नाही.

पण हरतील ते साडूभाऊ कसले. त्यांनी सर्व्हिस वायरचा एक तुकडा घेतला, पोटाभोवती गुंडाळला आणि जिथं टोक जुळलं तिथं पकडीनं कापून खुंटीला टांगून ठेवला. दर रविवारी तीच वायर पुन्हा गुंडाळायची आणि जेवढी जास्त झाली तेवढी कापायची. कधी बोटभर, कधी नखाएवढी, पण दर खेपेला काहीतरी खाली पडायचं. "काटा अडून बसू दे. वायर खोटं बोलत न्हाय," म्हणत ते कापलेले तुकडे मला दाखवायचे. गावाला त्यांची काळजी लागून राहिली होती आणि गंमत म्हणजे धीर तेच गावाला देत होते. "सप्लाय बंद न्हाय, आत लोड बदलायलाय. दम धरा जरा." शिवाय स्वतः अडकलेला हा माणूस दुसऱ्यांना वजन उतरवण्याचे सल्ले वाटत सुटला होता. मी बावन्न किलोचा. मलाही म्हणाले, "पाव्हणं, तुमी दोन किलो कमी करा, बरं वाटंल." मी म्हटलं, "साडूभाऊ, मग माझ्यात उरंल काय?" त्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तसा मुद्दा बरोबर आहे म्हणाले. दुपारी सबस्टेशनच्या आवारात ते लेझमीचे हात करून पाहायचे. डॉक्टरांनी लेझीम धरायची नाही असं सांगितलं होतं, म्हणून हे नुसती पकड आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून. तरी त्या खणखणाटानं आसपासच्या शेतकऱ्यांचे फोन यायचे, की आवाज कसला येतोय, लाईट जाणार काय?

फाल्गुनात एका रविवारी मी आणि बायको बेंबळीला गेलो. आक्का चेहऱ्यानं उतरल्या होत्या. जयंती महिन्याभरावर आली होती. मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवून म्हणाल्या, "मानूस उपाशी ऱ्हायलाय, चाल चाल चालायलाय, आन काटा हालंना. औंदाबी कडंला हुबं ऱ्हायची पाळी आली तर ह्यांचं काय हुईल वो?" साडूभाऊंचा आत्मविश्वास इतका मोठा आहे की त्याच्या आडोशाला बसलेली आक्कांची भीती मला तोवर कधी दिसलीच नव्हती. संध्याकाळी त्यांच्याबरोबर मीही फिरायला निघालो.

आणि पहिल्याच गल्लीत मला सगळा उलगडा झाला. साडूभाऊ फिरत नव्हते. त्यांना घरोघरी बोलावणं होतं. ज्या माणसानं ऐन पावसात खांबावर चढून गावाला उजेड दिला, तो रोज दारावरून पायी चाललाय म्हटल्यावर गाव त्याला तसंच जाऊ देईल होय? "अण्णा, या, घोटभर च्या घ्या." आमच्याकडच्या चहाची ज्याला कल्पना नाही त्याला सांगतो, त्यात साखर विरघळत नाही, साखरेतच थोडा चहा विरघळतो. एका दारात घेतला, दुसऱ्या दारात घेतला. तिसऱ्या घरी वजन उतरलं पाहिजे म्हणून मुद्दाम गुळाचा केला होता, आणि तो साखरेच्या दुप्पट गोड होता. पुढं मी मोजायचं सोडून दिलं. हा गृहस्थ घरी साखरेचा डबा कपाटात कोंडून रोज संध्याकाळी अख्ख्या गावाची साखर पिऊन येत होता, आणि जितका जास्त चालत होता तितकी दारं वाढत होती. चहा म्हणजे खाणं हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

परत येताना ओढ्याच्या पुलावर मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमचं वजन कुठं अडकलंय ते सापडलं. उद्यापासून चहाला नाही म्हणा, पंधरा दिवसात काटा हालतोय का नाही बघा." मला वाटलं होतं ते हसतील किंवा वायरचा दाखला देतील. ते कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "त्या टोकाच्या घरात थोरल्या काकू हायत न्हवं, त्यांच्या दाराभाईरच्या कोनाड्यात माझ्या बापाची कपबशी असायची. येगळी. कान तुटलेला कप. बाप ती सोता धुऊन पुन्हा कोनाड्यात ठिवायचा. म्या बघितलंय ते बारीक असताना. आज त्याच घरात मला आत बोलवत्यात, त्यांच्याच कपात देत्यात. त्या च्याला म्या कसा न्हाय म्हणू, पाव्हणं?" आणि पुढं म्हणाले, "लेझीम गेली तर जाऊ द्या. कुनाच्या दारातनं च्या न घेता माघारी येणं माझ्यानं व्हायचं न्हाय."

माझ्या वडिलांचीही अशीच कपबशी कुठल्यातरी कोनाड्यात असणार; मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. घरी आल्यावर मी सगळं आक्कांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी साडूभाऊ ड्यूटीवर गेल्यावर पदर खोचून त्या थेट थोरल्या काकूंच्या घरी गेल्या आणि साखर घालू नका म्हणून सांगून आल्या. आमच्याकडं पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं म्हणजे घरात साखर नाही असं जाहीर करणं. थोरल्या काकू ऐंशीच्या घरातल्या, जुन्या वळणाच्या, त्या ऐकतील असं आक्कांनाही वाटलं नव्हतं. पुढचं मला खुद्द साडूभाऊंनी सांगितलं. संध्याकाळी काकूंनी दोन कप आणले. एक यांच्या पुढ्यात ठेवला, एक स्वतः घेतला आणि शेजारी बसल्या. साडूभाऊंनी घोट घेतला तर कडूजार. त्यांना वाटलं, म्हातारपणी विसरल्या असतील. "काकू, साखर ऱ्हायली वाटतं."

"ऱ्हायली न्हाय. घातलीच न्हाय," काकू म्हणाल्या.

"मग तुमच्या कपात तरी घ्या की."

"तुमच्यात न्हाय ती आमच्यात कशाला? जयंतीला म्होरं नाचायचंय न्हवं? मग प्या गुमान."

हे सांगताना साडूभाऊंनी 'डोळ्यात कायतरी गेलं' असं म्हणून चष्मा पुसला. म्हाताऱ्या काकूंनी केलं म्हटल्यावर दुसरं कोण मागं राहतंय? आठवड्याभरात त्या सगळ्या वाटेवर फिका चहा सुरू झाला. गावातल्या बायकांनी नाकं मुरडली, गडी माणसं कुरकुरली, पण अण्णा दारात असेपर्यंत कुणी साखरेला हात लावला नाही. आणि काटा हलला. आधी कुरकुरत, मग सरळ. जयंतीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांच्या काट्यावर ते उभे राहिले तेव्हा मी सोबत होतो. एकोणनव्वद आणि वर थोडं. साडूभाऊ डॉक्टरांना म्हणाले, "तुमचा काटा बरोबर हाय." डॉक्टरांनी पुन्हा रक्तदाब पाहिला आणि अट घातली, विहारापासून चौकापर्यंतच खेळायचं. पुढं नाही. ते लगेच हो म्हणाले आणि हे हो म्हणणं मला काही खरं वाटलं नाही.

जयंतीला ऊन असं होतं की डांबर चिकटत होतं. पांढरा सदरा, निळा फेटा, आणि दोन वर्षांनी हातात लेझीम. हलगी वाजली आणि मी पाहिलं, ते पहिल्यासारखेच वाकले, पहिल्यासारखीच गिरकी घेतली. मागची पोरं आरडत होती, गच्चीवरच्या बाया हात हलवत होत्या. आक्का माझ्या बायकोचा दंड गच्च धरून एकसारखं "हळू, हळू" म्हणत होत्या. ते त्या गलक्यात त्यांच्या त्यांनाच ऐकू येत असेल. मी आयुष्यात पुष्कळ मिरवणुका पाहिल्या, पण इतक्या आनंदानं ऊर भरून आला तो त्या दिवशी. चौक आला. मला वाटलं, हा माणूस आता थांबत नाही. पण साडूभाऊ आपणहून थांबले. पुण्याला नर्सिंग शिकणारी त्यांची मुलगी दुसऱ्या रांगेत खेळत होती. तिला त्यांनी मानेनं पुढं बोलावलं, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि रांगेतून बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले. दम लागला होता, पण चेहरा ठीक होता.

पथक तिच्या मागून निघालं. तिची उडी बापापेक्षा उंच होती. आम्ही दोघं पाहत होतो. मी म्हटलं, "जिंकलात की हो साडूभाऊ." ते हसले, पण नेहमीसारखं गाव दणाणून नाही. लेझमीची साखळी मुठीत गोळा करत म्हणाले, "जिंकलो, पाव्हणं. पर मला आपलं वाटत हुतं, पोट कमी झालं की वयबी कमी हुतंय."

मी त्यांना सावलीला बसा म्हटलं. "बसतो," म्हणाले, आणि मुलगी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उन्हात उभे राहिले.