एका पायात बूट

"आज डाव्या पायात हाय. म्हंजे डाव्यातच काहीतरी गडबड हाय."

कारखान्यातले जुने कारागीर गजूभाऊ मशीनच्या आडून कोणाला तरी सांगत होते. कारखान्यात कामाला लागून माझा पहिलाच आठवडा होता, त्यामुळे मला वाटलं, ते एखाद्या मशीनबद्दल बोलतायत. तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाकडून आत्या आली. सुती साडी, कमरेला खोचलेला पदर, उजव्या पायात रोजची रबरी चप्पल आणि डाव्या पायात घोट्याच्या वर येणारा, निळ्या कडक प्लास्टिकचा बूट. बर्फावर स्केटिंग करायचा बूट. खालचं पातं तेवढं अजून बसायचं होतं. एक पाय उंच आणि एक ठेंगणा झाल्यामुळे ती चालताना एका बाजूला झुकत होती, पण वेग जराही कमी नव्हता. कानाला फोन होता. स्प्रिंग पाठवायला उशीर करणाऱ्या माणसाला तिने आधी झापलं आणि मग त्याच्या आईची तब्येत विचारली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी सुट्टीत मी तिच्या कारखान्यात यायची आणि शेडभर "आत्या, आत्या" करत हिंडायची. कामगारांनी ते उचललं. मग माल नेणारे ड्रायव्हर, बँकेतले लोक, वीज खात्याचा माणूस, सगळेच तिला आत्या म्हणू लागले. गजूभाऊ तर वयाने तिच्याहून मोठे, तेही आत्याच म्हणायचे. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. ती म्हणायची, मॅडम म्हटलं की लोक खोटं बोलतात.

कारखाना मुळात बादल्या, टब आणि संत्र्यांच्या क्रेटचा. बुटाचं खूळ शिरलं ते एका बक्कलमुळे. मॉलमध्ये आणि मोठ्या प्रदर्शनांत बर्फाची छोटी मैदानं उभारणारी एक कंपनी होती. तिथे लोकांना भाड्याने द्यायचे बूट परदेशातून यायचे, त्यांची बक्कलं तुटायची आणि सुटी मिळायची नाहीत. कंपनीचे साहेब विचारत विचारत आत्यापर्यंत पोचले. आत्याने बक्कल करून दिलं. ते टिकलं, तेव्हा ती साहेबांना म्हणाली, "बक्कल आम्ही केलं, त बूट काय वरून पडते काय? तोही करू." साहेबांनी चाचरत विचारलं की मॅडम, तुम्ही बर्फ पाहिलाय का. आत्या म्हणाली, "पाहिला न. उसाच्या रसात."

मी तेव्हा बाहेरगावी डिझाइनचं शिक्षण संपवून परत आले होते. आत्याने वडिलांना फोन करून सांगितलं की पोरीला पाठव, बूट काढायचा आहे. मला कोणी काही विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजही तसंच. मराठी घरातली होती, पण चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की वाक्य तोंडापर्यंत येऊन थांबायचं. गजूभाऊंनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. मी उत्तर द्यायला वेळ लावला की ते बाकीच्यांना म्हणायचे, "थांबा गा, मॅडम आतल्या आत भाषांतर करून राहिल्या." सगळे हसायचे. मीही हसायची. आत्या मात्र हसायची नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहायची, आणि ते मला चेष्टेपेक्षा जड जायचं.

नमुन्याचा बूट पायात घालून हिंडायची तिची पद्धत पुढे माझ्या सवयीची झाली. नेहमी एकच बूट घालायची, कारण दोन्ही पायांत घातला तर तुलना कशाशी करणार, असं तिचं म्हणणं. ती त्या अवतारात बँकेत जायची, भाजीला जायची. एकदा हुडकेश्वरला नात्यातल्या एका घरी हळदीकुंकू होतं. दाराशी पैठणीला शोभणाऱ्या नाजूक चपलांची रांग लागली होती आणि तिच्या टोकाला आत्याने एक रबरी चप्पल आणि एक निळा बूट काढून ठेवला. घरच्या बाईंनी घाबरून विचारलं की पाय मोडला काय. आत्या म्हणाली, "नाही वं, पाय ड्युटीवर हाय." परत निघताना तिथल्या प्रत्येक बाईने तो बूट हातात घेऊन बक्कल लावून पाहिलं. आत्याने कोणाला कुठे अडकतंय ते नीट लक्षात ठेवलं. वाण म्हणून मिळालेली वाटी मात्र ती तिथेच विसरली.

बक्कल एका हाताने लागलं पाहिजे, यावर तिचा कटाक्ष होता. हे बूट स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंचे नव्हते. रविवारी मॉलमध्ये आलेलं कुटुंब, बाईच्या एका हातात पर्स, दुसऱ्या हातात लेकरू, ती वाकून बक्कल लावणार कशी? म्हणून आत्या फोनवर बोलता बोलता डाव्या हाताने बक्कल उघडायची, लावायची. पलीकडच्या माणसाला बोलण्याच्या मधेमधे 'खट्' असा आवाज ऐकू जायचा. एका व्यापाऱ्याला कित्येक दिवस वाटत होतं की आत्याच्या फोनमध्ये बिघाड आहे.

फसलेल्या नमुन्यांना ती नात्यांची नावं द्यायची. साच्यातून निघाल्यावर बाजूने फुगलेला बूट म्हणजे जावई. आत पाय घ्यायलाच तयार नसलेला, ती मामेसासू. दिसायला सुरेख आणि घोट्याला आधार शून्य, तो धाकटा दीर. हळूहळू सगळी शेड तीच भाषा बोलू लागली. मशीनवरचा माणूस ओरडायचा, "आत्या, जावई आला," आणि मी कॉम्प्युटर सोडून साचा जास्त तापलाय का ते बघायला धावायची.

पहिले बूट आम्ही बादल्यांच्याच कडक, चकचकीत प्लास्टिकचे काढले होते. ऐन मे महिना होता. गजूभाऊंनी ते हातोड्याने बडवले, त्यांच्यावर उड्या मारल्या, उन्हात टाकून ठेवले. काही झालं नाही. आत्या त्यातला एक घालून अंगणातल्या तापलेल्या फरशीवर चालली. आम्ही खुशीत नमुने पाठवले, आणि बर्फावर पहिल्याच दिवशी ते बक्कलपाशी तडकले. थंडीत ते प्लास्टिक काचेसारखं होत होतं. आत्याने साहेबांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "बर्फाचा बूट आपण उन्हात तपासून राहिलो होतो. नागपूरचेच लोक करू जाणे." दुसऱ्या दिवशी तिने कळमन्याच्या एका ओळखीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, संत्र्यांच्या क्रेटमागे, आपली खुर्ची टाकली. बाहेर माणसं रुमाल बांधून फिरत होती आणि आत्या स्वेटर आणि कानटोपी घालून, एका पायात बूट, आतून खट् खट् करत बसली होती. थंडीत न तडकणारं प्लास्टिक मिळेपर्यंत ती रोज गेली. ते प्लास्टिक निवताना वेगळं आकसत होतं, म्हणून मी साच्याची मापं पुन्हा काढली.

त्यानंतर बूट तडकला नाही. पण साहेबांनी मला एकदा त्यांच्या मैदानावर नेलं आणि तिथे मला दुसरंच दिसलं. एक बाई आली होती, साधारण आत्याच्या वयाची, मुलांनी हट्टाने आणलेली. बूट चढवला, कठड्याला धरून जेमतेम चार पावलं गेली आणि परत आली. बाकावर बसून तिने बूट काढला आणि करंगळी चोळत नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या, आपल्याच्यानं नाही होत." हसून म्हणाली, पण ती नंतर मुलांकडे बघतच राहिली. बर्फावर तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

मी तिच्या पायांकडे बघत होते. पंजा पुढे पसरलेला, बोटं मोकळी. आत्याचाही पाय तसाच आहे. ती पारशिवनीजवळच्या खेड्यात वाढली, कॉलेजात जाईपर्यंत अनवाणी नाही तर चपलेत. माझा पाय वेगळा आहे. पहिलीपासून काळे, बंद बूट घालून तो पुढे निमुळता झालाय. आमचं नाक एक, कपाळ एक, पाय मात्र दोन वेगवेगळ्या शाळांत गेलेले. परदेशी बुटाची जी नक्कल आम्ही केली होती ती मला अगदी मापात बसायची. आत्या तो घालून संध्याकाळपर्यंत हिंडायची, आणि काढल्यावर तिची करंगळी लाल झालेली असायची. मी विचारलं तर म्हणायची, नवा बूट चावतोच.

मी पुढचा भाग रुंद करून नवं ड्रॉइंग काढलं आणि न बोलता तिच्या टेबलावर ठेवलं. तिने ते पाहिलं, चष्मा काढला आणि सगळ्यांना बोलावून मला म्हणाली, काय बदललं आणि काहून, ते सांग. मी कागदावर बोट ठेवलं, रुंदी दाखवली. पण त्या बाईचं काही माझ्या तोंडून निघालं नाही. गजूभाऊंना माझी दया आली असावी. त्यांनी विषय हातात घेतला, एका बुटाचा पुढचा भाग गरम हवेने नरम केला, आत लाकडी ठोकळा घालून तो पसरवला. आत्या तो घालून दिवसभर हिंडली. संध्याकाळी पाय बाहेर काढून तिने करंगळी हलवून पाहिली. "चावला नाही," एवढंच म्हणाली. आणि साच्याचा पुढचा भाग नव्याने कापायला सांगितला.

जाताना मात्र तिने मला जिन्यापाशी थांबवलं. "ड्रॉइंग तुहं हाय, त बोलाले बी तुलेच लागन. मी तुह्या तोंडानं बोलणार नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. उद्या येताना दूध आण, असं सांगावं तसं सांगितलं.

आत्या आता पारशिवनीला असते. गुडघा बोलायला लागला होता, आणि तिकडच्या संत्र्याच्या बागेकडे बघायला कोणी नव्हतं. जायचं ठरलं तसं तिने आठवडाभरात आवरलं. निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. गजूभाऊंनी हार आणला तर तो तिने मशीनला घातला. मी कारखान्यातली अडचण सांगायला फोन केला की ती बागेतल्या झाडांना लागलेल्या डिंक्या रोगाबद्दल बोलते, कोणत्या झाडाला किती फळ धरलंय ते सांगते, आणि माझी अडचण ऐकू न आल्यासारखं करते. शेडमध्ये तिच्या त्या वाकड्या, घाईच्या चालण्याचा आवाज येत नाही याची सवय व्हायला मला वेळ लागला.

आत्या जाण्याआधीची शेवटची बैठक सांगायला हवी. साहेब मोठी ऑर्डर ठरवायला आले होते. ती मिळाली तर बुटाचं काम चालणार होतं, नाहीतर साचे गुंडाळून आम्ही पुन्हा नुसत्या बादल्या काढणार होतो. आदल्या दिवशी आत्या मला म्हणाली होती, "उद्या मी फक्त चहाचं पाहतो." मला वाटलं, गंमत करते आहे.

साहेबांनी रंगांचे नमुने टेबलावर मांडले, बूट उलटसुलट करून पाहिला. मजबुती आवडली, बक्कल आवडलं. मग म्हणाले की पुढून हा फार पसरट दिसतो, फोटोत गमबूट वाटेल. परदेशी बुटासारखा निमुळता करून द्या, नाहीतर आम्हाला पुन्हा बाहेरूनच मागवावे लागतील. गजूभाऊ म्हणाले की करता येईल, साच्याचा पुढचा तुकडा बदलला की झालं. एवढं बोलून त्यांनी आत्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

आत्या कपात चहा ओतत होती. साहेबांचा कप भरला, गजूभाऊंचा भरला. साहेब म्हणाले, "तो फिर मॅडम, निमुळता फायनल समजू?" आत्याने साखरेचा डबा उघडला आणि साखर किती, ते विचारलं. साहेब गोंधळून एक चमचा म्हणाले. तिने एक चमचा घातला आणि हलवत बसली. ती माझ्याकडेही बघत नव्हती. खिडकीबाहेर ट्रक मागे घेणाऱ्या ड्रायव्हरकडे बघत होती, जसं काही तेच आजचं मुख्य काम होतं.

साहेब पेन उघडून कागद पुढे ओढू लागले. मी हातातला कप खाली ठेवला.

"साहेब, बूट पुढून आहे एवढाच रुंद राहील," मी म्हटलं. "तो निमुळता केला तर तुमच्याकडे येणाऱ्या बायका चार पावलांत परत फिरतील. त्यांना वाटेल, आपल्याला जमत नाही. ते त्यांना वाटता कामा नये. आता रंग कोणता हवा, तेवढं सांगा."