कमलबाईची पारख

कोरीटच्या कमलबाईला कोणाला दिवस गेले हे त्या बाईच्या आधी कळायचं. ही काही देवाची देणगी नव्हती. बावीस वर्षं ती नंदुरबारबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर कामाला जात होती. उघड्या माळावर लाल मिरची वाळत पडलेली, आणि नाकातोंडाला फडकं बांधून बायका दिवसभर देठ खुडत बसलेल्या. नवी बाई आठ दिवस शिंकते, खोकते, मालकाला शिव्या घालते. मग तिचं नाक मरतं. अशी नाक मेलेली जुनी बाई एके सकाळी अचानक उठून बाजूला पळाली आणि ओकायला लागली, की कमलबाई मान वर न करता म्हणायची, "हिले दिवस गयात."

मग ती चौकशी करायची. चहा नकोसा झाला का? दुपारी डोळा लागतो का? छाती दुखते का, घडीघडी लघवीला उठावं लागतं का? बाई लाजायची आणि कमलबाई पुढची मिरची उचलायची. एकदाही ती चुकली नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. पण तिच्या लेखी दोनच गोष्टी होत्या: दिवस गेलेत, नाहीतर नाहीत. तिसरंही काही असू शकतं हे तिला ठाऊक नव्हतं. विचारायचा स्वभावही नव्हता.

तिची सून रुपा तिच्याच शेजारी बसून खुडायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, नवरा नवनीत सुरतेला कामाला, महिन्यातून एकदा घरी यायचा. माघात एके दिवशी रुपाने फडकं तोंडात कोंबलं आणि ती कुंपणाकडे धावली. कमलबाईचे हात थांबले. ते कधी थांबत नसत. दुपारच्या भाकरीआधी तिने सगळ्या पथारीवर गूळ वाटला.

गावातली आशा सेविका रेवाबाई संध्याकाळी घरी आली. "कमलबाई, लघवीनी पट्टी टाकी लेवूत. मंग दवाखानामा नाव लिखूत."

"मन्हापेक्षा तुन्ही पट्टी शानी शे का?" कमलबाई म्हणाली. रेवाबाईने चहा घेतला आणि ती गेली.

नवव्या दिवशी रुपाला डाग दिसले. तिने खाली मान घालून सांगितलं, आणि कमलबाईचा चेहरा पडला. तिने किती, कसे, काही विचारलं नाही. पाळी लांबली होती, आली, संपलं. दुसऱ्या दिवशी पथारीवर जमनाबाईने टोला हाणलाच, "कमल, यंदा तुन्हं नाक चुकनं." बायका हसल्या. बावीस वर्षांत तिच्यावर कोणी असं हसलं नव्हतं. कमलबाईने तो राग कोणावर काढावा? घरी दोन दिवस ती सुनेशी धड बोलली नाही.

आणि म्हणून रुपाही बोलली नाही. डाव्या कुशीत बारीक कळ उठत होती, उठता-बसता वाढत होती. पण सासूची आधीच शोभा झालेली, त्यात आपलं दुखणं कुठे काढायचं, असं त्या पोरीला वाटलं.

गुरुवारी ऊन चांगलं तापलं होतं. खुडता खुडता रुपा हळूच म्हणाली, "आई, खांदा दुखस."

"दिनभर वाकीसन बठस, दुखीच," कमलबाई म्हणाली. तरी तिने हात लांब करून सुनेचा खांदा दाबला. पोलक्याखालचं अंग गार होतं, ओलं होतं. एवढ्या उन्हात. तिने रुपाचा हात ओढून पाहिला. मिरचीने लाल झालेल्या बोटांची नखं पांढरीफटक होती.

"पाणी पेस," म्हणून रुपा उठली आणि दोन पावलांवर तोंडघशी मिरचीत पडली. भुकटी उडाली, आसपासच्या जुन्या बायकासुद्धा ठसकल्या. रुपा खोकली नाही.

मालकाच्या पिकअपमध्ये टाकून तिला शहरात दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रुपाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून त्यांनी विचारलं, "यांना दिवस गेलेत का?"

जन्मभर कोणी न विचारता हेच सांगत आलेली कमलबाई. तिला जमनाबाईचं हसू आठवलं. "नही," ती म्हणाली, "पाळी यी गयी."

"नेहमीसारखी?"

कमलबाईने सुनेकडे पाहिलं. खाटेवर शुद्धीत आलेल्या रुपाने मान हलवली आणि ती पुटपुटली. नाही. नुसते डाग.

डॉक्टरीणबाईंनी वेळ घालवला नाही. पट्टीवर दोन रेघा उमटल्या, सोनोग्राफीत पोट रक्ताने भरलेलं दिसलं. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. "डाग दिसले त्याच दिवशी आणायला हवं होतं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. कमलबाईने ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिला.

रक्ताच्या तीन पिशव्या आत गेल्या. कमलबाई फरशीवर बसून होती. आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला पुन्हा पुन्हा वाटत होतं. पोरीला खरंच नुसती पाळी आली असती आणि सगळं गाव आपल्याला जन्मभर हसलं असतं, तर ती ते आनंदाने सोसायला तयार होती.

उन्हं उतरली तेव्हा तिला आत सोडलं. रुपा जिवंत होती. ओठ सुकलेले, रंग उडालेला. सासूला पाहून तिने काही बोलायचा प्रयत्न केला. कमलबाईने कान खाली नेला.

"आई, तुम्ही चुकनात नही," रुपा म्हणाली. "पथारीवरन्या बायास्ले सांगज्यात."