गुरुजींचा उजवा हात

ज्या हाताची मूठ उघडायला मी सात महिने राबले, त्या हातानं उघडल्यावर पहिलं काम केलं ते मला मारायचं.

सकाळची वेळ. गोंदियाला लागून फुलचूर, तिथलं घर. समोरच्या खोलीत गुरुजी खुर्चीवर बसलेले. मांडीवर परात, परातीत धान. त्यांचा डावा हात चांगला. तो मी मोज्यात घालून गमछ्यानं खुर्चीच्या दांडीला बांधला होता, कारण फिजिओथेरपीच्या मॅडमनं तसं शिकवलं होतं. चांगला हात मोकळा राहिला की लकव्याचा हात काम करायचं सोडून देतो. म्हणून रोज एक तास चांगल्याला बांधायचं आणि वाईटाला राबवायचं.

उजव्या हातानं चिमूटभर धान उचलायचं, बाजूच्या डब्यात टाकायचं. त्यांनी उचललं. डब्यापर्यंत गेलं नाही, मध्येच सांडलं.

मी म्हणाले, "चुकलं गुरुजी. परत करा."

हे त्यांचंच वाक्य. ते मोठ्या शाळेचे हेडमास्तर होते. जन्मभर पोरांना हेच म्हणत आले असतील. पण ते माझ्या तोंडून निघालं.

त्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या हातानं त्यांनी गमछ्याला हिसका दिला. गमछा सुटला नाही, मी गाठ पक्की मारते. मग उजवा खांदा हलला. कोपर उचललं. हात वर आला आणि माझ्या गालावर बसला. धान सगळं फरशीवर.

"तू... मले... शिकवते?" जीभ जड होती त्यांची. तरी शब्द साफ ऐकू आले.

आता जे सांगते त्याची मला अजून लाज वाटते. मला आधी आनंद झाला. गालावर पाच बोटं लागली होती. चार नाही, पाच. अंगठासुद्धा उघडलेला. मूठ मिटणं लवकर येतं, उघडणं फार उशिरा येतं, कधीकधी येतच नाही. आणि इथं पाचही बोटं उघडली होती. मी गालाला हात लावून उभी होते आणि मनात बोटं मोजत होते.

गुरुजींची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. सगळे तिला बाई म्हणत. तिनं हात पाहिला. अजून हवेतच होता तो.

"हात उठला. यांचा हात उठला वं."

तिनं देवापुढं दिवा लावला. शेजारच्या पोराला पेढे आणायला पिटाळलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिला दिसलं. "काऊन रडून राहिली? आनंदाची गोष्ट आहे." मला पेढा दिला. वरून, तळहातावर टाकला. तिची बोटं माझ्या हाताला लागू नयेत अशा बेतानं.

मी तो खाल्ला.

मग नागपूरहून त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो मोबाईलमधूनच म्हणाला, "बाबा, एकदा परत. मी रेकॉर्ड करतो." गुरुजींनी हात उचलायचा प्रयत्न केला. निम्म्यातून खाली आला. मुलगा हसला. "समोर कोणी पाहिजे ना त्यांना. ए चिचगडवाली, जरा समोर ये. गाल इकडे कर. तिकडून नाही दिसून राहिलं."

बाईनं माझ्या खांद्याला पदराच्या टोकानं ढकललं.

मी पुढे गेले. कोणी मला धरून नेलं नाही. मी स्वतः वाकले आणि गाल पुढे केला. दुसरी चापट पहिलीपेक्षा जोरात बसली. मुलगा म्हणाला, "वा. क्या बात है." बाई म्हणाली, "रोज एक खाल्ली इनं, तर महिन्याभरात हात पूर्ण येते." सगळे हसले. मी पण हसले.

पहिली चापट त्यांची होती. दुसरी माझी होती. ती मी दिली स्वतःला. तिचा हिशोब अजून बाकी आहे.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत फिरला. बाई मला दाखवत होती कोणी कोणी हात जोडलेली चित्रं पाठवली ते. त्यात गुरुजींचा हात होता, चेहरा होता. माझा नुसता अर्धा गाल होता.

मी अशी का वागले ते सांगावं लागेल.

मी चिचगडच्या पुढच्या एका टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले. सातवीत होते तेव्हा मायला लकवा मारला. उजवं अंग गेलं. बाबा तिला एका म्हाताऱ्याकडे घेऊन गेले, तो कबुतराचं रक्त अंगाला चोळायचा. आम्ही महिनाभर कबुतरं नेली. मायचा हात छातीपाशी वळत गेला, मूठ मिटत गेली, नखं तळहातात रुतली. मी शाळा सोडून तिचं करायला घरी राहिले. मला वाटायचं, हात ओढला तर मोडेल. म्हणून मी तो तसाच ठेवला, कापडात गुंडाळून. ती गेली तेव्हा बायांनी तिला आंघोळ घालताना मूठ उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही. तशीच गेली.

नंतर गावातल्या एका ओळखीच्या मावशीनं मला फुलचूरला आणलं, गुरुजींचं करायला. चिचगड, देवरी, आमगाव, गोंदिया. तीन गाड्या बदलून. घराकडं फोन लागत नव्हता, बाबा झाडावर चढले की लागायचा. मला आधीपासून भीतीची सवय. रात्री गॅस बंद आहे का ते दारातूनच चारदा पाहायची. गुरुजींचा श्वास ऐकू येतो का ते पाहायची. आपल्याकडून काही चुकलं तर परत पाठवतील, ही धाकधूक कायम.

पहिल्याच दिवशी बाईनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिला जे कळायचं ते कळलं. "बरं," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या आत येऊ नको. पाण्याच्या गुंडीले हात लावू नको. लागलं तर माग, मी देत जाईन."

गुंडी पितळेची होती. ओट्याच्या कोपऱ्यात, वर झाकण, झाकणावर पेला. दारातून दिसायची. मी गुरुजींचं तोंड धुवायची, अंग पुसायची, घाण काढायची, लघवीचं भांडं फेकायची. त्यांच्या तोंडात घास द्यायची. पण त्यांना पाणी पाजायचं तर उंबरठ्यावर उभं राहून हाक मारायची, "बाई, पाणी." ती पेला भरून उंबरठ्यावर ठेवायची, मी उचलायची. माझ्यासाठी बाहेर नळ होता. तो उन्हाळ्यात दुपारी पोळायचा.

आणि मला हे चांगलं वाटायचं, खरं सांगते. डोक्यावर स्लॅब आहे, दोन वेळचं जेवण आहे, कोणी वाईट नजरेनं पाहत नाही. मी मनातल्या मनात त्यांचे उपकार मोजायची.

मग मॅडम आल्या. फिजिओथेरपीच्या डॉक्टर, गोंदियाहून आठवड्यातून दोनदा स्कुटीवर. पहिल्या दिवशी त्यांनी गुरुजींचं मनगट आतल्या बाजूला वळवलं, अंगठा बाहेर काढला, आणि मिटलेली मूठ फुलासारखी उघडली. मी मोरीत जाऊन रडले. एवढं सोपं होतं. मायच्या वेळी कोणीतरी एकदा सांगायला पाहिजे होतं.

मॅडमनं मला वही दिली. त्यात माणसाची चित्रं काढून दिली. पलंगाच्या काठावरून उठायचं कसं, पाय टाकताना टाच आधी, बोटं घासत न्यायची नाहीत. हात पसरून पलंगावर टेकवायचा आणि त्यावर वजन द्यायचं. त्या म्हणाल्या, "जे त्यांना जमतं ते तू करून द्यायचं नाही. मग ते कितीही चिडोत." मी एक दिवस चुकवला नाही. मायच्या मुठीचा राग मी त्या हातावर काढत होते, प्रेमानं. सात महिन्यांत गुरुजी भिंतीला धरून चालायला लागले. बोटं हलायला लागली. वहीच्या शेवटच्या पानावर मॅडमनं पुढचं काम लिहून ठेवलं होतं. आधाराशिवाय चार पावलं. झाकण काढणे, पेला भरणे, आणून दुसऱ्याला देणे.

आणि मग ती चापट.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईच्या दोन जावा आल्या, गुरुजींचा हात पाहायला. फराळ झाला. बाई म्हणाली, "दाखवा ना जरा. कालच्यासारखं." मला म्हणाली, "ये वं समोर."

गुरुजी माझ्याकडं पाहत होते. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. तयारीत होता हात.

मी म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"मी समोर येत नाही. चापट झाली. आज पाणी आहे."

मी वही उघडून बाईसमोर धरली. तिनं वाचलं. मी गुरुजींचा डावा हात मोज्यात घातला, त्यांच्याच पोटाशी बांधला. पाऊल लोंबू नये म्हणून पायात पट्टा चढवला. म्हणाले, "उठा गुरुजी. मला तहान लागली."

एक जाऊ म्हणाली, "नळ आहे ना बाहेर."

"आहे. पण मॅडमनं लिहिलं, यांनी द्यायचं."

मी त्यांच्या कमरेला हात लावून चालवत नेलं. रोजच्यासारखं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. त्यांनी उंबरठा ओलांडला, मी बाहेरच थांबले आणि हात काढून घेतला.

बाई ओरडली, "धर ना त्याईले. पडतीन."

मी म्हणाले, "आत मी कशी येऊ? तुम्हीच नाही म्हटलं."

ती पुढे झाली. मी दार अडवून उभी राहिले. खोटं कायले सांगू, माझ्या मनात होतं, पडू दे. पडले असते तर मी उचललं असतं, ते माझं काम आहे. पण मनात होतं, एकदा पडू दे.

ते पडले नाहीत. मी त्यांना नीट शिकवलं होतं. टाच आधी, मग पंजा. चार पावलं. ओट्याला पोट टेकवून उभे राहिले. उजव्या हातानं पेला उचलून बाजूला ठेवला. झाकण घसरलं, खाली पडून घरभर वाजलं. पेला परत धरला, गुंडीत घातला. सगळा हात कोपरापर्यंत ओला. बाहेर काढला तेव्हा निम्मं सांडलं. वळले. चार पावलं परत. पेला माझ्यासमोर आला. पाचही बोटं त्याच्याभोवती.

त्यांचे डोळे मी पाहिले. त्यात दया नव्हती, माफी नव्हती. द्वेष होता. चालेल. त्या द्वेषात मी होते तरी. व्हिडिओत तर मी नव्हते.

मी पेला घेतला. वरून ओतून नाही, ओठ लावून प्यायले. घोट घोट. सगळ्यांसमोर. मग रिकामा पेला त्यांच्या त्याच हातात दिला.

"बरोबर," मी म्हणाले. "ठेवून या."

सात महिन्यांत पहिल्यांदा हा माणूस कोणाला न धरता चालला होता. उजव्या हातानं पाणी भरून आणलं होतं. चापट काय, त्यापुढं ती काहीच नाही. त्या दिवशी कोणी दिवा लावला नाही. पेढे आले नाहीत. नागपूरला फोन गेला नाही. बाईनं गुंडीतलं सगळं पाणी मोरीत ओतलं आणि गुंडी चिंचेनं घासायला घेतली. घासता घासता म्हणाली, "उद्यापासून इथं राहू नको."

मी पिशवी भरली. वही पण घेतली. ती माझी होती.

मॅडमनं नंतर फोन केला. विचारलं, हात कशानं उठला. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं गं." खरं असेल. त्यांना पाणी ट्रेमध्ये यायचं. त्या अजून त्या घरी जातात. त्यांनीच मला पुढचे पेशंट मिळवून दिले, त्यांनीच मूठ उघडायला शिकवलं, ते मी विसरणार नाही. पण गुंडीबद्दल त्यांनी सात महिन्यांत विचारलं नाही, हे पण मी विसरणार नाही.

गुरुजी आता स्वतःच्या हातानं जेवतात, असं ऐकलं. चांगलं आहे. रोज जेवावं. खूप वर्षं जेवावं. प्रत्येक घास उचलताना त्यांना कळावं की हे मनगट कोणी वळवलं, हा अंगठा कोणी बाहेर काढला. तो हात त्यांना तोडता येत नाही आणि धुता पण येत नाही. माझा सूड त्यांच्या खांद्याला लटकलेला आहे आणि तो मरेपर्यंत तिथंच राहील. मी त्यांना माफ केलेलं नाही. करणार नाही.

मी अजून घाबरते. गॅस अजून चारदा पाहते. पण नवीन घर लागलं की एक गोष्ट मी घाबरत घाबरतच करते. चप्पल काढते. पेशंटला हात लावायच्या आधी सरळ स्वयंपाकघरात जाते. कोणाला विचारत नाही. पाण्याचं भांडं उघडते, पेला बुडवते, ओठ लावून पिते आणि घरातल्या माणसांच्या तोंडाकडं पाहत उभी राहते. दोन घरांतून मला तिथूनच परत पाठवलं. त्या घरांत एक एक मूठ मिटलेली होती, पलंगावरून दिसत होती. मी मागं वळून पाहिलं नाही.

बाकीच्या घरांत कोणी काही बोलत नाही. मग मी पेला जागेवर ठेवते आणि विचारते, पेशंट कुठं आहे.