त्यांनी आवळलेला नट

गाडी आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. जवळा बाजारच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून ह्यांनी ती घेतली, पहिल्याच आठवड्यात मिस्त्रीशी भांडण केलं आणि स्वतःच पाने-पकडी काढून बसले. तेव्हापासून तिच्या नटांना परका हात लागला नाही. ह्यांची नट आवळायची रीत विहिरीवरच्या मोटारीची. आधी हाताने, मग पान्याच्या दांड्यात पाईपचा तुकडा अडकवून, आणि शेवटी टाच लावून रेटायचं. विहिरीत मोटार सोडल्यावर नट ढिला निघाला तर सगळा पाईप परत वर ओढावा लागतो, म्हणून आमच्या भागात नटावर कुणी दयामाया करत नाही. गाडीला एवढं लागत नाही, असं मी पुस्तकात वाचून सांगितलं होतं. "पुस्तकवाल्यानं आपला रस्ता पायलाय का?" म्हणत हे आणखी एकदा टाच मारत.

गेल्या पोळ्यानंतर हे गेले. छातीत कळ आली आणि दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं. कपडे वाटून टाकले, फोन बंद झाला, आवाजही हळूहळू नीट आठवेना. पण औंढ्याला शाळेत शिकवायला जाताना गाडीत बसले की ते असत. मी सीट पुढे ओढली नव्हती, पाठीशी उशी ठेवून क्लचपर्यंत पाय पोचवत होते. आरशात बघायचं टाळत होते, कारण मागून कुणी तरी माझा गिअर बदलणं बघतंय असं वाटायचं. भीती वाटायची, आणि ती भीती जाऊ नये असंही वाटायचं.

मग ऑइल काळं पडलं आणि इंजिन कुरकुरू लागलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते म्हणाले, "बाई, इकून टाक ती. दारात उभी दिसली की मला वाटतं त्यो आला." मला गाडी नेमकी त्याचसाठी हवी होती. सेनगावला गॅरेजात नेली असती तर तिथल्या पोरांनी मशीन लावून सगळे नट भर्रकन उडवले असते, आणि ह्यांच्या टाचेचा जोर दोन मिनिटांत हवेत. म्हणून ठरवलं, आपणच करायचं. जेवढा काढावाच लागेल तेवढाच नट काढायचा, ऑइलच्या टाकीच्या बुडाचा.

आधी ह्यांचाच डबा उघडला. त्यातला पाना तोंडाशी फाकला होता. गाडीखाली पडून जोर लावला तर तो सटकला, माझी बोटं सोलली आणि नटाचे कोपरे खरवडले. आणखी एकदोनदा सटकला असता तर नट गोल झाला असता आणि मग छिन्नीशिवाय इलाज नव्हता. ह्यांचा हात जपायचा तर ह्यांचा पाना सोडायला हवा, याचा मला भयंकर राग आला.

नवा पाना घ्यायला हिंगोलीला गेले. तिथला दुकानदार म्हणाला, "भाभी, भैया को भेज दो, वो देख लेंगे."

"भैया नहीं हैं. मैं ही हूँ," मी म्हणाले. त्यावर त्याने सगळा माल काउंटरवर मांडला. पन्नास तुकड्यांची चकाकती पेटी मी बाजूला सारली. बारा कोनांचं सॉकेट नटावर टोपीसारखं पटकन बसतं, पण खरवडलेल्या नटावर घसरतं. सहा कोनांचं सपाट बाजू धरतं, म्हणून तेच घेतलं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नव्हतं, म्हणून टेकूला दोन घोड्या घेतल्या. शेवटी सॉकेटला लावायचा हातभर लांब दांडा उचलला, खाली ठेवला आणि परत उचलला. याने तो नट निघणारच होता.

रविवारी सकाळी गाडी घोड्यांवर चढवली. खाली शिरून दोन्ही हातांनी दांडा ओढला, पण नट हलेना. ओट्यावर बसलेल्या मामांना ते बघवेना. "तसं न्हाई व्हत बाई," म्हणत ते गाडीजवळ खाली बसले, पाय आत घातला आणि दांड्याला टाच लावली. खालून मला फक्त ती टाच दिसत होती. भेगाळलेली, एका बाजूने झिजलेली, हुबेहूब ह्यांची.

टाच मात्र रेटेना.

"मीच शिकवलं व्हतं त्याला असं," मामा बाहेरून म्हणाले. "त्याचा जोर हाय अजून त्याच्यात. राहू दे, नको काढू."

"मामा, न्हाई काढला तर इंजिन जाईल."

टाच दांड्यावर तशीच राहिली. मी माझ्या टाचा जमिनीत रोवून, डोळे मिटून ओढलं. कट्ट आवाज झाला आणि मामांनी पाय मागे घेतला. काळं तेल घमेल्यात पडत राहिलं.

नवा वायसर घालून मी नट परत बसवला, आखूड दांड्याने, मनगटाच्या जोरावर. "आवळ अजून," मामा म्हणाले. मी म्हटलं, बास झालं. नवं ऑइल भरलं आणि खाली पुठ्ठा अंथरून ठेवला, गळती कळावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर मामा आधीच वाकून पुठ्ठ्यावर बोट फिरवत होते. एखादा थेंब सांडलेला असावा, नटाने माझा हात मानू नये, असं मलाही वाटत होतं.

"कोरडंच हाय," मामा म्हणाले. ह्यांच्यावाचून गाडीचं अडलं नव्हतं. मग आम्ही दोघं पहिल्यांदाच एकमेकांसमोर रडलो.